शोनेन बॅट नेमका कोणाकडे येतो? ‘पॅरानोया एजंट’ समजून घेताना

जपानी दिग्दर्शक सातोशी कोन यांची ‘पॅरानोया एजंट’ ही अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका बघणाऱ्यांचा गोंधळ बहुधा एकाच जागी उडतो. पहिले सात भाग पोलिसी तपासाच्या वळणाने जातात. रात्री एकट्यादुकट्याला गाठून डोक्यात बॅट घालणारा एक मुलगा, त्याच्या मागावर दोन डिटेक्टिव्ह, एकामागून एक जखमी माणसं. आठव्या भागात डिटेक्टिव्हच गायब होतात आणि तीन अनोळखी माणसं मरायला जागा शोधत हिंडू लागतात. नवव्यात बिल्डिंगमधल्या बायकांच्या गप्पा, दहाव्यात अ‍ॅनिमे स्टुडिओतली धुसफूस. हल्लेखोर कोण, हा प्रश्न मालिकेने वाऱ्यावर सोडला की काय, असं वाटायला लागतं.

तो सोडलेला नाही. पण हल्लेखोर कोण हे शोधत बसलं तर हातात फार थोडं लागतं. तो कोणाकडे जातो आणि गेल्यावर त्या माणसाचं काय होतं, याकडे लक्ष ठेवलं की तेराही भाग एका दोरीत ओवलेले दिसतात. त्या दोरीबद्दल लिहायचंय, त्यामुळे पुढे शेवटासकट सगळं फोडून सांगितलंय. कोरं डोकं ठेवून बघायची असेल तर आधी मालिका बघा, मग इकडे या.

जुजबी माहिती आधी. जपानी नाव ‘मोसो दाइरिनिन’. फेब्रुवारी ते मे २००४ या काळात जपानच्या वाउवाउ वाहिनीवर ती लागली. निर्मिती मॅडहाउस स्टुडिओची, पटकथा मुख्यतः सेइशी मिनाकामी यांची, संगीत सुसुमु हिरासावा यांचं. कोन मुळात चित्रपटवाले, आणि ही त्यांनी केलेली एकमेव टीव्ही मालिका. चित्रपटांत जागा न मिळाल्याने मागे पडलेल्या कल्पना त्यांनी इथे वापरल्या, त्यामुळे दर भागाचा बाज वेगळा आहे. ऑगस्ट २०१० मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कॅन्सरने ते गेले.

गोष्ट, सरळ क्रमाने

मालिका ही गोष्ट उलटसुलट सांगते. आपण सुरुवातीपासून लावू.

त्सुकिको सागी नावाची शाळकरी मुलगी. तिचं कुत्र्याचं पिल्लू, मारोमी. एकदा त्याला फिरवत असताना तिच्या पोटात कळ आली, ती वाकली, हातातला पट्टा सुटला आणि पिल्लू गाडीखाली आलं. वडील कडक. त्यांच्यापुढे कसं उभं राहायचं? तिने सांगून टाकलं की एक मुलगा आला होता, त्याच्या हातात बॅट होती, त्यानेच मारोमीला मारलं. घाबरलेल्या पोराने मारलेली थाप. बस, एवढंच सगळ्याचं मूळ.

वर्षं गेली. त्सुकिको आता टोकियोतल्या एका कंपनीत कॅरेक्टर डिझायनर आहे. तिने काढलेलं गुलाबी, गलितगात्र डोळ्यांचं एक कुत्रं देशभर गाजतंय. नाव तेच, मारोमी. साहेबांना आता दुसरं मारोमी हवंय, तेही ठरल्या तारखेला. कागद कोरा आहे. सहकारी पाठीमागे कुजबुजताहेत. एका रात्री घरी जाताना ती पडते, पायाला दुखापत होते, आणि पोलिसांना ती सांगते की एक मुलगा होता, शाळेतला असेल, पायात सोनेरी स्केट्स, डोक्यावर टोपी, हातात वाकडी झालेली सोनेरी बॅट.

वृत्तपत्रं त्याचं नाव ठेवतात शोनेन बॅट, म्हणजे बॅटवाला पोरगा. तपास करणारे इकारी आणि मानिवा. इकारी जुन्या मुशीतला, वयस्कर. मानिवा तरुण आणि कल्पना चालवणारा. इकारीला सुरुवातीपासून वाटतं की ही बाई खोटं बोलतेय. त्याचं बरोबर आहे. पहिला हल्ला झालेलाच नसतो, तिने स्वतःलाच जखमी केलेलं असतं.

अडचण अशी, की त्यानंतर दुसरा माणूस खरोखर मार खातो. मग तिसरा, मग चौथा.

थापेला हातपाय कसे फुटतात

हे काही कोन यांनी हवेतून काढलेलं नाही. जपानी प्रेक्षकाला इथे एक जुनी गोष्ट आठवणारच. १९७९ साली जपानभर शाळकरी मुलांमध्ये एक आवई उठली. संध्याकाळी रस्त्यात तोंडाला मास्क लावलेली एक बाई भेटते आणि विचारते, मी सुंदर आहे का? हो म्हटलं की मास्क काढते. तोंड कानापर्यंत फाटलेलं असतं. कुचिसाके-ओन्ना, म्हणजे फाटक्या तोंडाची बाई. आवईची सुरुवात गिफू भागातली समजतात. काही महिन्यांत ती देशभर झाली. तेव्हा इंटरनेट नव्हतं. एका शाळेची गोष्ट दुसऱ्या शाळेत पोचायला शिकवण्यांच्या वर्गांची मोठी मदत झाली, असं अभ्यासक मानतात, कारण तिथे वेगवेगळ्या शाळांची मुलं एकत्र येत. प्रवासात गोष्टीला तपशील चिकटत गेले. ती फार वेगाने धावते. तिच्यापुढे ‘पोमेड, पोमेड’ असं म्हटलं की ती पळते, कारण त्या केसांच्या तेलकट क्रीमचा तिला तिटकारा आहे. अमुक गोळी दिली की ती खाण्यात गुंतते, तेवढ्यात आपण निसटायचं. काही ठिकाणी मुलांना घोळक्याने घरी पाठवू लागले, पोलिसांच्या गाड्या गस्तीला निघाल्या. उन्हाळ्याची सुट्टी लागली, मुलं पांगली, आणि आवई विरली.

आणि त्याच वर्षी जूनमध्ये हिमेजी शहरात २५ वर्षांची एक बाई सुरी घेऊन, फाटक्या तोंडाच्या बाईचं सोंग करून रस्त्यावर हिंडताना पकडली गेली.

म्हणजे आधी गोष्ट झाली आणि गोष्टीतलं पात्र नंतर रस्त्यावर आलं. लोककथांचे अभ्यासक अशा प्रकारांची वेगळी नोंद ठेवतात: दंतकथा नुसती सांगितली जात नाही, कोणीतरी ती अंगावर घेऊन करून दाखवतं. ‘स्लेंडरमॅन’ हा बिनचेहऱ्याचा उंच माणूस २००९ मध्ये एका अमेरिकन इंटरनेट फोरमवरच्या स्पर्धेसाठी फोटोत घुसवून तयार केला गेला. त्याचा कर्ता, तारीख, सगळं ठाऊक होतं. तरी २०१४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात बारा वर्षांच्या दोन मुलींनी त्याच्यासाठी म्हणून वर्गमैत्रिणीवर चाकूचे वार केले. ती सुदैवाने वाचली. हे ‘पॅरानोया एजंट’नंतर दहा वर्षांनी घडलं, आणि मालिकेचा पाचवा भाग आधी बघितलेल्या माणसाला ते वाचताना ओळखीचं वाटलं असणार.

कारण पाचव्या भागात पोलिसांच्या हाती एक मुलगा लागलेला असतो, माकोतो कोझुका. त्याने बॅट चालवलेली आहे यात शंका नाही. पण तो स्वतःला एका फॅंटसी खेळातला पवित्र योद्धा समजतो, राक्षस मारत फिरणारा. जबाब घेताना इकारी आणि मानिवा अक्षरशः त्याच्या खेळात शिरतात. मानिवाला मजा वाटते, इकारी संतापाने फुटतो. हळूहळू कळतं की सगळे हल्ले याचे नाहीत. हा नकलाकार आहे. आवई ऐकून तिच्यात शिरलेला पोरगा. पुढे, सातव्या भागात, तो कोठडीत असताना खरा शोनेन बॅट तिथे येतो आणि त्याला संपवतो. कागदोपत्री ती आत्महत्या ठरते आणि दोन्ही डिटेक्टिव्हांची नोकरी जाते. इथेच पोलिसी तपास संपतो. आठव्या भागात डिटेक्टिव्ह का दिसत नाहीत, याचं साधं उत्तर हे आहे.

अफवा कशी पसरते यावर १९४७ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडणी केली, ती अजून कामाची आहे. विषय माणसाच्या जिव्हाळ्याचा हवा आणि माहिती धूसर हवी; दोन्हींतलं एक जरी शून्य असलं तरी अफवा उठत नाही. पसरताना बरेच तपशील गळतात, उरलेले अणकुचीदार होतात, आणि प्रत्येक जण आपल्या मनातल्या भीतीच्या मापाने गोष्ट शिवून घेतो. आपल्याकडे मे २००१ मध्ये दिल्लीत उठलेला ‘काळा बंदर’ आठवून बघा. उन्हाळा, वीज गेलेली, लोक गच्च्यांवर झोपलेले. कोणी म्हणालं माकड, कोणी म्हणालं डोक्यावर हेल्मेट, कोणी म्हणालं लोखंडी नखं आणि लाल डोळे. पोलिसांनी चित्रं काढून घेतली, बक्षीस जाहीर केलं. घाबरून गच्चीवरून उडी मारलेली माणसं मात्र खरोखर मेली. माकड सापडलं नाही.

मालिकेचा नववा भाग म्हणजे ही सगळी मांडणी पंचवीस मिनिटांत. माझ्या मते तेरा भागांतला सगळ्यात क्रूर भाग हाच आहे, आणि त्यात विनोद ठासून भरलाय. एका वसाहतीतल्या बायका उभ्या राहून शोनेन बॅटच्या गोष्टी सांगताहेत. माझ्या ओळखीच्यांच्या ओळखीत असं झालं म्हणे. प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीपेक्षा अचाट. त्यांच्यात नव्याने राहायला आलेली कामोहारा नावाची बाई आहे, नवरा पटकथा लिहिणारा. तिलाही बोलायचंय, पण तिने तोंड उघडलं की बाकीच्या मोडीत काढतात, छे, हे काही खरं वाटत नाही. हिरमुसून ती घरी येते, तर नवरा दारात रक्तबंबाळ पडलेला. शोनेन बॅटने हल्ला केलाय. ही बाई अ‍ॅम्ब्युलन्स बोलवत नाही. तिचे डोळे चमकतात. त्याला हलवून हलवून ती विचारते, कसा होता, कुठून आला, पुढे काय झालं? तिला अखेर एक अस्सल गोष्ट मिळालेली असते.

बॅटच का

याचं उत्तर जपानच्या बातम्यांत आहे. जपानमध्ये बेसबॉल घराघरात; धातूची बॅट म्हणजे दारामागे उभी असलेली साधी वस्तू. १९८० मध्ये कावासाकीत कॉलेजप्रवेशाची परीक्षा पुन्हा पुन्हा देणाऱ्या तरुणाने झोपलेल्या आईवडिलांना अशाच बॅटने ठार केलं आणि देश हादरला. २००० मध्ये ओकायामा प्रांतात एका १७ वर्षांच्या मुलाने शाळेतल्या धाकट्या खेळाडूंवर बॅट चालवली, मग घरी जाऊन आईला मारलं आणि सायकलवरून पळाला. मधल्या काळात, १९९७ साली, कोबे शहरात एका १४ वर्षांच्या मुलाने मुलांचे खून केले. जपानी कायद्यानुसार अल्पवयीन आरोपीचं नाव छापता येत नाही, म्हणून तो वृत्तपत्रांत ‘शोनेन ए’ झाला. ‘शोनेन बॅट’ हे नाव ज्या कानांवर पडत होतं, त्या कानांना आधीचं नाव पाठ होतं. २०००च्या कायदाबदलात खटला चालवता येण्याचं किमान वय १६ वरून १४ वर आणलं गेलं. आपलीच पोरं आपल्याला कळेनाशी झालीत, ही भीती तेव्हा जपानच्या हवेतच होती.

बाकीची परिस्थितीही हलाखीची. नव्वदीच्या सुरुवातीला जमिनी आणि शेअरचा फुगा फुटला, आयुष्यभराच्या नोकरीची हमी गेली. १९९८ पासून पुढे सलग चौदा वर्षं जपानमध्ये वर्षाला ३०,००० हून जास्त आत्महत्या नोंदल्या गेल्या. २००३ च्या सुमाराला इंटरनेटवर ओळख काढून अनोळखी माणसांनी एकत्र जीव दिल्याच्या बातम्या येऊ लागल्या. आठव्या भागातली तिघं, एक म्हातारा, एक तरुण आणि एक लहान मुलगी, थेट त्या बातम्यांतून आलेली आहेत.

मार खाणाऱ्यांची यादी

आता मुख्य मुद्दा. शोनेन बॅटने कोणाकोणाला गाठलं ते ओळीने बघू.

त्सुकिकोचं सांगून झालं. दुसरा कावाझु, हलक्या मासिकाचा पत्रकार. याच्या गाडीने एका म्हाताऱ्याला उडवलंय आणि भरपाईचे पैसे त्याच्या गळ्याशी आलेत. नंतर युइची ताइरा, सहावीतला सगळ्यांचा लाडका मुलगा. त्याच्याकडेही सोनेरी स्केट्स असल्याने अख्खी शाळा त्याच्याकडे संशयाने बघू लागते, आणि ‘मी पहिला नंबर’ या एका खांबावर उभं असलेलं त्याचं जग कोसळायला येतं. हारुमी चोनो दिवसा विद्यापीठात काम करते, शिकवण्या घेते. रात्री मारिया नावाने देहविक्रय करते. दोघी एकमेकींना आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवतात. लग्न ठरल्यावर हारुमीला मारिया नको होते, पण मारिया जायला तयार नाही. हिरुकावा हा चौकीवरचा पोलीस. गुंडांकडून पैसे खायचा, आता तेच गुंड त्याला पिळताहेत आणि तो चोऱ्या करायला लागलाय. त्याची मुलगी ताएको. बापाने आपल्या खोलीत चोरून कॅमेरे बसवलेत, हे तिला कळलेलं आहे.

या सगळ्यांत सामाईक काय? प्रत्येक जण अशा कोपऱ्यात अडकलाय की पुढे वाट नाही आणि मागे फिरायची हिंमत नाही. आणि बॅट डोक्यात बसल्यावर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसते ती सुटका. हे नीट बघा, कोन यांनी ते चेहरे मुद्दाम तसे काढलेत. बॅटचा फटका म्हणजे आजारपणाचा दाखला. हॉस्पिटलात पडलेल्या माणसाला कोणी तारीख विचारत नाही, पैसे मागत नाही, जाब विचारत नाही. कालपर्यंत त्याच्यावर बोट रोखणारे आज फुलं घेऊन येतात.

ताएकोच्या भागात हे उघडच होतं. वादळी पावसात, सगळं असह्य झाल्यावर ती स्वतःच त्या मुलाला हाक घालते, मला पुसून टाक. तो मारतो. शुद्धीवर आल्यावर तिला बापच आठवत नाही, आणि तिच्यापुरतं ते वरदान ठरतं. मला हा प्रसंग बघवत नाही, पण मालिकेची किल्ली तिथेच आहे.

मग आठवा भाग का हवा? कारण तो याच नियमाची उलटी बाजू दाखवतो. ती तिघं मरायला इतकी उतावीळ असतात की शोनेन बॅट समोर येताच त्याच्याकडे आनंदाने धावत सुटतात, आणि तोच घाबरून पळतो. कोंडीत सापडलेल्या माणसाला सुटकेचं आमिष दाखवणं एवढंच त्याचं काम. या तिघांना कसलीच कोंडी उरलेली नाही. नंतर लक्षात येतं की त्यांच्या सावल्या पडत नाहीयेत. ती आधीच मेलेली आहेत. सगळ्यात उदास विषयावरचा भाग सगळ्यात हलक्याफुलक्या संगीतात घातलाय, हा कोन यांचा खास वात्रटपणा.

गुलाबी कुत्रं

शोनेन बॅटची चर्चा सगळे करतात, मारोमीकडे दुर्लक्ष होतं. माझ्या मते जास्त भीतिदायक मारोमी आहे.

जपानमध्ये अशा गोंडस पात्रांचा धंदा किती मोठा आहे ते वेगळं सांगायला नको. सान्रियो कंपनीची हॅलो किटी १९७४ ची. नव्वदीत त्यात दमलेल्या, निपचित पडलेल्या प्राण्यांची भर पडली. सान-एक्स कंपनीचा आळसावलेला तारेपांडा, मग २००३ मध्ये लोळत पडणारं रिलाक्कुमा अस्वल. राबून थकलेल्या लोकांना कोणीतरी ‘पड जरा’ म्हणणारं हवं होतं. मारोमी त्याच जातीचा. तो त्सुकिकोच्या खोलीत जिवंत होऊन बोलतो, आणि त्याचं बोलणं फिरून फिरून एकाच जागी येतं: तुझी काही चूक नाही, तू दमलीयस, झोप.

ऐकायला किती बरं वाटतं! पण बॅटचा फटकाही तेच देतो. तुझी चूक नाही, तू बळी आहेस, आता पडून राहा. एक गोंजारून सांगतो, दुसरा टाळकं फोडून. एकाच थापेतून दोघं जन्मले: मेलेलं पिल्लू आणि त्याला ‘मारणारा’ मुलगा. दहाव्या भागात मारोमीवर कार्टून बनवणाऱ्या स्टुडिओत माणसं कामाखाली पिचून एकेक करून मरतात, आणि बनवत काय असतात, तर ‘विश्रांती घ्या’ असं सांगणारी मालिका. तिथला सारुता नावाचा सहायक प्रत्येक चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडण्यात पटाईत. अ‍ॅनिमेच्या धंद्यावर धंद्यातल्याच माणसाने काढलेली इतकी बोचरी खोड मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

हे दोघं एक आहेत, हे मालिकेत पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत कोण सांगतं? डिटेक्टिव्ह नाही, त्याची आजारी बायको. अकराव्या भागात मिसाए इकारी घरी एकटी आहे. तब्येत पार ढासळलेली, मूल झालं नाही, नवऱ्यावर आपण ओझं आहोत हा सल. सगळ्या नियमांप्रमाणे ती शोनेन बॅटचं हक्काचं सावज, आणि तो येतोच. ती त्याला बसवून बोलते. आपलं दुखणं, आपलं लग्न, नवऱ्याच्या सोबतीने काढलेले दिवस, सगळं. आणि म्हणते की तू आणि ते गुलाबी कुत्रं एकाच माळेचे मणी. माझं दुःख माझं आहे, तुझी सुटका मला नको. तो फुगतो, आरडाओरडा करतो, भिंती हादरवतो. शेवटी निघून जातो. अख्ख्या मालिकेत त्याला असं परतवणारी ती पहिली. ना जादू, ना शस्त्र. चहाच्या वेळी घरात बसलेली, मरणाला टेकलेली बाई.

गंमत म्हणजे तिचा कणखर नवरा तेव्हा गळपटलेला असतो. नोकरी गेल्यावर इकारी बांधकामावर राखणदारी करतो आणि मनाने एका जुन्या गावात जाऊन राहतो. ते गाव सपाट, कागदी कापलेलं. दुकानं, शेजारी, सगळे पुठ्ठ्याचे. त्याच्या बालपणीचा जपान, जिथे चांगलं-वाईट ओळखायला सोपं होतं. म्हणजे ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हाही एक मारोमीच. मिसाए तिथवर त्याला शोधत येते. मग इकारी हातात बॅट घेऊन ते गाव स्वतःच्या हाताने फोडतो. मालिकेत बॅटचा एवढा एकच चांगला उपयोग झालाय.

शेवट

शेवटच्या भागात बाजारातून, पडद्यावरून मारोमी एकाएकी नाहीसा होतो. लोक सैरभैर होतात. गोंजारणारा गेल्यावर उरतो तो मारणारा, आणि त्याला आता मुलाचा आकारही उरत नाही. काळ्या चिखलाचा लोंढा होऊन तो टोकियो गिळत सुटतो. थांबतो केव्हा? त्सुकिको त्या जुन्या रस्त्यावर परत पोचते, मेलेल्या पिल्लाला उचलते आणि त्याची माफी मागते तेव्हा. पट्टा माझ्या हातून सुटला, एवढी साधी कबुली. लोंढा ओसरतो. उद्ध्वस्त शहराकडे बघून इकारी म्हणतो की हे तर युद्ध संपल्यावरच्यासारखं दिसतंय. हे वाक्य सहज आलेलं नाही. शीर्षकगीतात पात्रं संकटांच्या मधोमध खदाखदा हसत उभी असतात आणि एकाच्या मागे अणुबॉम्बचा ढग असतो. सगळं राष्ट्रच १९४५ पासून आपल्या जुन्या थापांना गोंजारत आलंय, असा वार कोन इथे करून जातात. तो मला पूर्ण पटत नाही. एका मुलीच्या अपराधी मनातून थेट राष्ट्राच्या इतिहासापर्यंतची उडी जरा लांबची आहे. पण त्यांचा रोख तिकडेच आहे.

मग दोन वर्षं जातात. शहर पुन्हा उभं राहिलंय, जाहिरातींत मारोमीच्या जागी नवं गोंडस मांजर आलंय. माणसं फोनवर तीच कारणं सांगताहेत जी पहिल्या भागाच्या पहिल्या मिनिटात सांगत होती: ट्रेन चुकली, मी नव्हतोच तिथे, माझा काय संबंध. मानिवाचे केस पांढरे झालेत. पहिल्या भागात एक गूढ म्हातारा जमिनीवर समीकरणं लिहीत बसलेला असतो, तसा आता मानिवा बसलाय.

बघायला घेणार असाल तर थोडं व्यवहाराचं. चौथा, सहावा आणि आठवा भाग मोठ्यांनीच बघावा. लैंगिक शोषण आणि आत्महत्या हे विषय त्यात आडपडदा न ठेवता येतात. मन आधीच थकलेलं असेल तर आठवा पुढे ढकला. पाचवा भाग लांबलेला वाटेल आणि बाराव्यात मानिवाचं ‘रडारमॅन’ नावाचा सुपरहिरो होणं थोडं ओढूनताणून आणलंय, पण त्सुकिकोच्या थापेचा उगम तिथेच उलगडतो, त्यामुळे तो गाळू नका. प्रत्येक भागाच्या शेवटी तो गूढ म्हातारा पुढच्या भागाबद्दल कोड्यात बोलतो, ते ऐकून मगच बंद करा. आणि तेरा पाहून झाल्यावर पहिला भाग परत लावा. त्सुकिको पडते तो प्रसंग या वेळी बघताना तिथे दुसरं कोणीच नाही, हे लख्ख दिसेल.